मुरैजाचा गुरुवार

“काका, शून्य!” अनिरुद्ध खुर्चीतून उठून ओरडला. “झिरो पेंडिंग! लंडनवाले वेडे झालेत अक्षरशः.”

खराडीतल्या त्या काचेच्या इमारतीत, बैठकीच्या खोलीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भिंतीवरच्या पडद्यावर मुरैजा नावाच्या चिमुकल्या अरब देशाची राजमुद्रा झळकत होती. खजुराचं झाड, खाली दोन होड्या, आणि त्याखाली हिरव्या रंगात प्रलंबित तक्रारींचं एक भलंमोठं शून्य. टाळ्या आपल्यासाठी वाजत असताना माणसाने काय करायचं असतं हे ठाऊक नसल्यामुळे बुद्धभूषण ओव्हाळ चष्मा पुसत बसले. त्यांची सगळी नोकरी महसूल खात्यात गेली होती. तिथे प्रलंबित प्रकरणं शून्यावर आली की टाळ्या वाजत नसत. वरून फोन यायचा, की आकडा खरा आहे ना?

मुरैजा नकाशावर शोधायला भिंग लागतं. शंभरेक वर्षांपूर्वी तिथल्या शेखच्या शेजारी एक इंग्रज सल्लागार येऊन बसला. त्याने मुंबईहून कारकून नेले, कारकुनांनी मुंबई इलाख्याचे नियम नेले, आणि खजुराच्या बागांची दफ्तरं सोलापूर-साताऱ्याच्या जमिनींसारखी लिहिली जाऊ लागली. पुढे इंग्रजांचा झेंडा उतरला, पण सल्लागाराची खुर्ची कोणी हलवली नाही. आता त्या खुर्चीवर लंडनची एक कंपनी बसली होती. कारभार सुधारण्याचं कंत्राट तिचं आणि प्रत्यक्ष सुधारणारी माणसं खराडीतली. पूर्वी कारकून बोटीने न्यावे लागत, आता ते आपल्या दुचाकीवरून येत होते, एवढाच काय तो फरक.

नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेल्या ओव्हाळांना कंपनीने बोलावलं त्याचं कारणही हेच. मुरैजाचे जुने नियम मुंबईच्या नियमांची नक्कल निघाले, आणि ते नियम ज्याने जन्मभर वापरले असा माणूस त्या इमारतीत दुसरा नव्हता. पोरंसोरं त्यांना काका म्हणत. घरी ते या गोष्टीची थट्टा करत, पण मनातून त्यांना बरं वाटत असे.

मुरैजात दर गुरुवारी शेखची मजलिस भरे. दार उघडं असे. मच्छीमार असो, मेंढपाळ असो, परदेशी गवंडी असो, कोणीही आत जावं, कॉफी प्यावी आणि आपलं गाऱ्हाणं तोंडी सांगावं. शेख तिथल्या तिथे निकाल देई. लंडनच्या अहवालात याचं वर्णन मोठ्या कौतुकाने आलं होतं. ते वाचून ओव्हाळांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांचे आजोबा चावडीच्या पायरीखाली उभे राहून पाटलाची मर्जी कधी जुळते याची वाट बघत. मर्जी असली तर न्याय, नसली तर शिव्या, आणि यांपैकी कशाचीच कुठे नोंद नाही. बाबासाहेबांमुळे आपल्या हातात लेखणी आली, हे ओव्हाळांच्या घरात पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवलं जाई. त्यांनी टिपण लिहिलं: ‘न्याय कोणाच्या मर्जीवर असू नये. प्रत्येक तक्रार लेखी घ्यावी व तिची पोच द्यावी.’ लंडनला ते वाक्य इतकं आवडलं की अहवालाच्या पहिल्याच पानावर गेलं. मजलिस बंद झाली आणि तिच्या जागी ऑनलाइन अर्ज आले. हे ओव्हाळांनी पूर्ण विचार करून, अगदी छातीवर हात ठेवून केलं होतं.

दुसरी गोष्ट मात्र त्यांनी चहा पिता पिता केली. फॉर्म बनवणाऱ्या अनिरुद्धने विचारलं होतं, “काका, कामगारांच्या फॉर्ममध्ये मालकाचा संमती क्रमांक कम्पल्सरी आहे. मुरैजावाले त्यावर अडून बसलेत. ज्याच्याकडे तो नसेल त्याचं काय करायचं?” ओव्हाळ बिस्किट बुडवत म्हणाले होते, “अपूर्ण अर्ज खिडकीवरूनच परत. दाखल केला की तो प्रलंबित दिसतो.” तालुक्याच्या कचेरीत महिनाअखेर जवळ आली की हेच चाले. एखादी सही नाही, एखादा झेरॉक्स पुसट आहे, असं काहीतरी काढून म्हाताऱ्याकोताऱ्यांना परत धाडायचं. प्रकरण दाखलच नाही, मग प्रलंबित कुठून असणार? ओव्हाळांना तेव्हाही ते आवडत नसे. पण न आवडणारी गोष्टसुद्धा रोज केली की हाताला वळण पडतं.

टाळ्या थांबल्यावर चहाचा ट्रे घेऊन ललिता आत आली. ही कार्यालयात चहापाणी आणि साफसफाई बघणारी, वाघोलीहून येणारी बाई. मूळची हिंगोलीकडची. कप ठेवता ठेवता ती पडद्याकडे बघत उभीच राहिली. सगळे पांगल्यावर ती ओव्हाळांजवळ आली.

“साहेब, हे झाड आमच्या ह्यांच्या कार्डावर हाय. ह्याच होड्या हायत खाली.”

“मिस्टर मुरैजात असतात?”

“गवंडीकामाला. दोन साल सांगून नेलं, आता चौथं लागलं. मालकानं पासपोर्ट दाबून ठेवलाय. माझी सासू अंथरुणाला खिळलीय साहेब, डाक्टरांनी हात टेकले. एकुलता एक लेक तो. वकिलातीतून बी मालकाला फोन केले, त्यो उचलत न्हाई.” तिने पदर सावरला. “तुमी त्या देशाचं काम करता व्हय?”

त्या दिवशी ओव्हाळांच्या डोक्यात शून्याची हवा होती. ते म्हणाले, “अहो, मग आधी का नाही सांगितलंत? तक्रार खातं म्हणजे आमचंच काम. संध्याकाळी येतो घरी. अर्ज मी स्वतः भरतो.”

वाघोलीत नगर रस्त्यापासून आत, नव्या इमारतींच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. त्यातल्या एकीत ललिताच्या सासूबाई, सुंदराबाई, खाटेवर पडून होत्या. अंगावर सूज आणि डोळे अर्धे मिटलेले. ओव्हाळांची चाहूल लागताच त्यांनी मान वळवली.

“ह्यो कोन?”

“हाफिसातले साहेब हायत. पोपटरावांच्या देशाचं काम बघत्यात,” ललिता म्हणाली.

म्हातारीने हात लांब केला. ओव्हाळांनी तो हातात घेतला. “तू पोप्याचा साहेब का?” तिने विचारलं. “सोड की रं त्याला चार दिस. काम चुकवायचा न्हाई तो. तोंड बघून माघारी लावून देते.”

मी त्याचा साहेब नाही, असं सांगायला हवं होतं. पण ओव्हाळ म्हणाले, “येतोय तो, मावशी. काळजी करू नका.”

ते खाटेच्या कडेला स्टुलावर बसले आणि मोबाईलवर अर्ज उघडला. अर्ज देखणा होता. इंग्रजी आणि अरबी, दोन्हीत. नाव, कामाचं ठिकाण, तक्रारीचं स्वरूप. ललिता सांगत होती आणि ते एका बोटाने टाइप करत होते. मग मालकाच्या संमती क्रमांकाची चौकट आली.

“हा नंबर आहे का पोपटरावांकडे?”

“कसला नंबर?”

“मालकाच्या मोबाईलवर येतो तो. मालकाने सांगितला की इथे घालायचा.”

ललिता त्यांच्याकडे बघत राहिली. “मालकाच्या विरोधात तक्रार करायची आन् त्यालाच इचारायचं, बाबा नंबर दे म्हनून?”

ओव्हाळांनी चौकट रिकामी ठेवून बटण दाबलं. बोट उचलायच्या आत उत्तर आलं. ते त्यांनी वाचलं. परत वाचलं.

“काय म्हनतंय साहेब?”

ते इंग्रजी वाक्य मराठीत कसं होतं हे त्यांना शोधावं लागलं नाही. ते मुळात मराठीतच सुचलेलं होतं. “अर्ज अपूर्ण असल्यामुळे दाखल करून घेतलेला नाही,” ते म्हणाले. “पूर्ण अर्जासह पुन्हा यावे.”

“असंच येतं त्यास्नी बी. चार बार केला म्हनले. आधी म्हनं राजाचं दार गुरुवारी उघडं असायचं. ह्यांच्या खोलीवरचा तो बिहारी पोरगा नुसता जाऊन उभा ऱ्हायला आन् रडला. दुसऱ्या दिवशी पासपोर्ट हातात. आमच्या ह्यांनी बी ठरवलं होतं जायाचं, तर कुन्या शान्यानं ते बंदच करून टाकलं.”

ओव्हाळांनी मोबाईल मांडीवर उलटा ठेवला. गप्प बसता आलं असतं. ललिताला कळायचं काही कारण नव्हतं. पण खाटेवरून सुंदराबाई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या, आपलं काम झालं अशा समाधानात.

“ते मी बंद केलं, ललिताबाई,” ते म्हणाले. “ते बंद करा असं मी लिहून दिलं. आणि हे जे परत येतंय, ते वाक्यही माझंच.”

तिला ते पटायला वेळ लागला. इतका लांबचा देश आणि हा समोर स्टुलावर बसलेला, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेला माणूस. मग ती रागावेल, रडेल, घराबाहेर काढेल, अशी ओव्हाळांनी मनाची तयारी केली. तसं झालं असतं तर त्यांना जरा हलकं वाटलं असतं.

“मंग बरंच झालं की,” ललिता म्हणाली. “तुमीच केलंय तर तुमालाच मोडता येईल. उद्या मोडा.”

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. त्यांच्या पत्नी दीपमालाबाई म्हणाल्या, “शून्य आलं म्हणून तोंड असं करणारा पहिलाच माणूस बघतेय मी.”  अंथरुणावर पडून ते स्वतःशीच वाद घालत राहिले. मजलिस म्हणजे मर्जीच. उद्या शेख खडूस निघाला तर? लेखी पाहिजे, पोच पाहिजे, यात काय चुकलं? यात काही चुकलं नव्हतं. पण आजोबा निदान पायरीखाली उभे तरी राहू शकत होते. पाटलाला ते दिसत. त्या गवंड्याला कुठे उभं राहायचं तेवढी जागासुद्धा आपण ठेवली नाही, या विचाराने त्यांना स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अनिरुद्धला गाठलं.

“काका, कम ऑन,” अनिरुद्ध म्हणाला. तो वाईट पोरगा नव्हता, नुसता घाईत असे. “ती फील्ड काढायची म्हणजे चेंज रिक्वेस्ट टाकावी लागेल. क्लायंट साइन-ऑफ देणार नाही. आणि ॲवॉर्डसाठी नॉमिनेशन गेलंय ऑलरेडी. झिरो पेंडन्सीवरच गेलंय ना ते.”

“ते शून्य खोटं आहे.”

“खोटं कसं? जे दाखल झाले ते सगळे निकाली निघाले. तुम्हीच शिकवलंत हे मला.”

ओव्हाळांनी लंडनच्या कंपनीतल्या व्हिटेकर साहेबांना पत्र लिहिलं. मी दिलेला सल्ला चुकीचा होता, असं पहिल्याच ओळीत. व्हिटेकरांचं उत्तर संध्याकाळपर्यंत आलं, भारी सभ्य. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार, मुद्दा मोलाचा आहे, दुसऱ्या टप्प्यात जरूर विचार करू. दुसरा टप्पा पुढच्या वर्षी होता.

शेवटी त्यांनी सालेमला फोन लावला. हा मुरैजाच्या तक्रार खात्यातला अधिकारी. बैठकांमध्ये नेहमी गप्प असायचा, पण ओव्हाळांशी हिंदीत दोन शब्द बोलायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“ओव्हाळ भाई, आदमी का नाम बोलो,” तो म्हणाला. ओव्हाळांनी पोपटचं नाव सांगितलं, ते त्याने लिहून घेतलं. “पहले होता तो गुरुवार को मैं ही हाथ पकड़ के अंदर ले जाता. मेरे वालिद यही काम करते थे, दरवाज़े पे. अब उधर ताला है. और अर्ज़ी तो मेरे पास आई ही नहीं. जो आई नहीं, उस पे मैं क्या साइन करूँ?”

“कुछ तो रास्ता होगा.”

“कोशिश करता हूँ. मालिक बड़ा आदमी है. टाइम लगेगा.”

वेळ सुंदराबाईंकडे नव्हता. त्या दिवसांत ओव्हाळ रोज कार्यालय सुटल्यावर वाघोलीला जात. जाताना मंडईतून शहाळं घेत, ते म्हातारीला पाजायची डॉक्टरांची परवानगी नाही हे कळल्यावर मोसंबी घेऊ लागले. ललिताने मोसंबीही नको म्हटल्यावर नुसतेच जात. ललिता त्यांना स्टूल देई, चहा देई आणि रोज एकच प्रश्न विचारी, “मोडलं का?” त्यात टोमणा नसे. टोमणा असता तर सोसला असता. तिला खरंच वाटत होतं की ज्याने बांधलं त्याला सोडता येतं. ओव्हाळ नाही म्हणत आणि चहा संपवत. तो उष्टा टाकायची त्यांची हिंमत होत नव्हती.

रविवारी सकाळी तिचा फोन आला. “साहेब, म्हातारी गेली,” एवढंच म्हणाली. मग म्हणाली, “तुमचा मोबाईल चांगला हाय. ह्यांना दाखवायचं हाय. आनता का?”

वाघोलीच्या स्मशानात फारशी माणसं नव्हती. शेजारच्या खोल्यांमधली चार घरं, म्हातारीचं अवघड आहे हे कळताच हिंगोलीहून रात्रीची गाडी पकडून आलेला पोपटचा चुलतभाऊ शंभू आणि दोन म्हाताऱ्या. शंभूच्याच खांद्यावर मडकं होतं. ललिताने नंबर लावून फोन ओव्हाळांच्या हातात दिला, आणि ती बायकांच्यात जाऊन उभी राहिली.

पडद्यावर पोपट आला. इतके दिवस ओव्हाळांनी त्याचं नाव नुसतं चौकटीत भरलं होतं. तोंडावर सिमेंटची पूड, डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागे उन्हात पांढरा पडलेला पत्रा. त्याने हेल्मेट काढून काखेत धरलं.

“कोन धरलंय?”

“मी ओव्हाळ. ललिताबाईंच्या कार्यालयातला.”

“व्हय व्हय. ती सांगती तुमचं. रोज येता म्हनं.” पोपटने हात जोडायचा प्रयत्न केला, पण एका हातात फोन होता. “लई उपकार साहेब.”

ओव्हाळांना वाटलं, हिने याला सांगितलेलं दिसत नाही. त्यांनी ललिताकडे पाहिलं. ती इकडे बघत नव्हती. आता सांगावं का? सांगून कोणाचं ओझं कमी होणार होतं, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी फोन चितेकडे वळवला.

“जरा खाली घ्या साहेब. आईचं तोंड दिसंना.”

त्यांनी खाली घेतला.

“उजेड येतोय. बाजूनं धरा. हां. हां, दिसली.”

 शंभू मडकं घेऊन फेऱ्या मारू लागला. ओव्हाळ त्याच्या मागोमाग वाकून, बाजूने, चपला सांभाळत फोन फिरवत राहिले. लेकाला आईचं तोंड दिसावं एवढंच काम होतं, आणि ते बिनचूक करायचं म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं. हात भरून आला होता. शंभूने अग्नी दिला तेव्हा फोनमधून एक आवाज आला. तो रडण्याचा होता की वाऱ्याचा ते कळलं नाही.

एवढ्यात तिकडे शिट्टी वाजली. कोणीतरी अरबीत ओरडलं. पोपटने घाईघाईने हेल्मेट डोक्यावर ठेवलं.

“साहेब, मुकादम आला. कापू नका. मी खिशात ठेवतो, तुमी कापू नका फक्त.”

“नाही कापत,” ओव्हाळ म्हणाले.

पडदा काळा झाला. खिशाच्या आतून फावड्याची खरखर, कुठल्याशा यंत्राची घरघर आणि पोपटचा श्वास ऐकू येऊ लागला.

लाकडं चांगली पेटली. माणसं एकेक करून नळाकडे पाय धुवायला निघाली. शंभूनेही तोंडावर पाणी मारलं. ललिता ओव्हाळांपाशी आली आणि त्या काळ्या पडद्याकडे बघून म्हणाली, “आता काय दिसतंय त्यास्नी, साहेब? खाली घ्या हात.”

ओव्हाळांनी मान हलवली. फोन चितेकडे धरून ते तसेच उभे राहिले. तिकडे पोपट काम करत होता.